सातारा-सांगलीच्या लहान तलावांवर : पोहणे, पायी फिरणे आणि सायकल

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण तालुक्यात, तो पाचशेच्या आसपास घोटाळतो. सांगलीतही शिराळ्याचा पाऊस आणि जत-आटपाडीचा पाऊस यांत असेच अंतर आहे. जिथे पाणी कमी, तिथे ते अडवण्याची निकड जास्त, म्हणून लहान तलावांची दाटी माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ आणि जत या पूर्वेकडच्या तालुक्यांत आढळते. काही तलाव ब्रिटिश अमदानीतले आहेत, बरेचसे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांतून उभे राहिले आणि उरलेले त्यानंतरचे. यांपैकी सहलीसाठी म्हणून बांधलेला क्वचितच सापडेल. प्रत्येकाच्या पाण्याला काही ना काही काम नेमून दिलेले आहे, आणि तलावावर जाऊन काय करता येईल हे त्या कामावर ठरते. म्हणून अंतर किती, रस्ता कसा, हे प्रश्न नंतरचे. हे पाणी कशासाठी आणि कोणासाठी अडवले आहे, ही चौकशी आधी करावी.

पिण्याच्या पाण्याचा तलाव असेल तर पोहण्याचा विचार तिथेच सोडावा. साताऱ्याजवळचा कास तलाव हे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. कास पठाराचा समावेश पश्चिम घाटासह २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला आणि तेव्हापासून तिथली वर्दळ वाढतच गेली आहे, पण पठाराच्या पुढे असलेला तलाव आजही सातारा शहराला पाणी पुरवतो. तिथे काठाने फिरावे, बसावे, परतावे. लहान गावांतही हाच नियम पाळावा. भरावाजवळ पाणीपुरवठ्याची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसण्याची विहीर, आणि तिच्याकडे जाणारा छोटा पूल दिसला, की त्या पाण्यात पाय धुण्याइतकेही उतरू नये.

पक्ष्यांसाठी राखलेले तलाव हा दुसरा प्रकार. खटाव तालुक्यातील मायणीचा तलाव आणि वडूजजवळचा येरळवाडीचा तलाव हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, ओळखले जातात. मायणी परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी पाण्यात उतरणारा एक माणूस सगळा थवा उठवतो आणि उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांचा सकाळचा चारा बुडतो. इथे पायी फिरणे आणि दुर्बीण एवढेच योग्य.

उरतात ते सिंचनाचे आणि पाझर तलाव. पोहणाऱ्याला जागा मिळाली तर बहुधा इथेच मिळते. पाझर तलावाला सहसा कालवा किंवा दरवाजा नसतो. पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना पाझर फुटावा एवढाच त्याचा उद्देश असतो, त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चपर्यंत तो तळ गाठतो. सिंचन तलावाला मातीचा लांब भराव, पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांचे अस्तर, एका टोकाला जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा आणि कालव्यात पाणी सोडण्यासाठी विमोचक असतो. या चार गोष्टी कुठे आहेत हे काठावर पोहोचताच पाहून घ्यावे, कारण पुढच्या बऱ्याच सूचना त्यांच्याभोवतीच फिरतात.

दोन ठिकाणी मात्र कोणत्याही कारणाने उतरू नये. पहिले म्हणजे शेततळे. तासगाव, कवठेमहांकाळ, खानापूर या द्राक्षपट्ट्यात शेततळी गावोगाव दिसतात. पाणी निळेशार, स्वच्छ आणि डोक्यावरून जाईल इतके खोल. त्याच्या चारही उतारांवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि ओल्या कागदावर, त्यातही शेवाळ धरलेल्या कागदावर, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पाऊल रोवता येत नाही. माणूस बुडतो तो पोहता येत नाही म्हणून नव्हे, बाहेर येता येत नाही म्हणून. ज्यांची स्वतःची शेततळी आहेत त्यांनी काठावर खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवावा, ही विनंती या निमित्ताने करून ठेवतो. दुसरे ठिकाण म्हणजे सांगली जिल्ह्यातील कृष्णेचे पात्र. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, कसबे डिग्रज या पट्ट्यात मगरींचा कायमचा वावर आहे, वारणेतही त्या आहेत, आणि नदीला मिळणाऱ्या ओढ्यांतून त्या कधीकधी विहिरींत आणि मळ्यांत पोहोचतात. नदीपासून जवळ असलेल्या तलावावर गेल्यास मगर दिसली होती का, हे गावात स्पष्ट शब्दांत विचारावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. गावकरीही एकमेकांना तेच विचारत असतात.

कधी जावे

पश्चिमेकडचे तलाव जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. पूर्वेकडचे मात्र परतीच्या पावसाची वाट पाहतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले तर भरतात. नव्याने आलेले पाणी गढूळ असते, त्यात वाहून आलेली झुडपे, काटे आणि शेतातली रसायने असतात, म्हणून तलाव भरल्यावर तीन-चार आठवडे पोहण्याची घाई करू नये. अनंत चतुर्दशीनंतर विसर्जनाची जागा टाळावी, कारण मूर्तींचे लाकडी सांगाडे, खिळे आणि तारा तळाशी बराच काळ राहतात. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पूर्वार्ध हा तिन्ही गोष्टींसाठी उत्तम काळ आहे. त्यानंतर पाणी बरेच गार होते आणि पहाटे उतरणाऱ्याला धाप लागते. मार्चनंतर पाणी आटते व त्यावर हिरवा तवंग धरू लागतो. रंग सांडल्यासारखा दाट हिरवा थर काठाला साचलेला दिसला, तर त्या दिवशी पोहू नये आणि सोबत कुत्रा असल्यास त्यालाही ते पाणी पिऊ देऊ नये. काही जातींचे असे शेवाळ विषारी असते.

गेल्या काही वर्षांत हे वेळापत्रक पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे कृष्णेचे पाणी, तसेच जिहे-कठापूर योजनेचे पाणी, दुष्काळी भागातील तलावांत सोडले जाते. त्यामुळे ऐन एप्रिलमध्येही एखादा तलाव आठवडाभरात चढू लागतो. ही गावासाठी आनंदाची गोष्ट आहे. पोहणाऱ्याने मात्र एवढे लक्षात ठेवावे की काल कोरडी असलेली जागा आज पाण्याखाली असू शकते आणि जिथून पाणी तलावात पडते तिथे प्रवाहाला चांगलाच जोर असतो. आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, सुरू आहे का, हे कालव्याचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला किंवा काठच्या शेतकऱ्याला नेमके माहीत असते.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळिवाचे ढग जमतात. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर पडावे, भरावावरून खाली उतरावे आणि एकट्या झाडाखाली थांबू नये. माळरानावर भराव हीच बहुतेक वेळा सर्वांत उंच जागा असते.

गावात विचारपूस

तलावावर थेट न जाता गावातून जावे. पारावर बसलेल्या आबांना किंवा तात्यांना, काठावर मेंढरे पाजणाऱ्या मामांना रामराम घालून दोन मिनिटे बोलावे आणि मग विचारावे : “मामा, तुमच्या गावातली पोरं पवायला कुठनं उतरत्यात?” हा प्रश्न “इथे पोहता येतं का?” या प्रश्नापेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण त्याच्या उत्तरात जागा मिळते. “हितनं नगं, हिकडं औंदा गाळ काढलाय, त्या लिंबाच्या अंगानं जावा” असे कोणी सांगितले, तर त्या एका वाक्याची किंमत कोणत्याही नकाशाहून अधिक समजावी. गावातली मुले कुठेच उतरत नाहीत असे उत्तर आले, तर त्यामागचे कारण समजले नाही तरी ते मानावे.

काठावर शेंदूर लावलेले सात दगड, त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकू दिसले, तर त्या साती आसरा. गावाच्या श्रद्धेनुसार त्या पाण्याच्या देवता असतात आणि त्यांच्या जागी लोक सहसा पोहत नाहीत. पाहुण्यानेही तिथे चप्पल-बूट घालून जाऊ नये, कपडे वाळत घालू नयेत आणि पाण्यात उतरण्यासाठी दुसरी जागा निवडावी.

बायका धुणे धुतात ती जागा सकाळी टाळावी. पोहण्याच्या कपड्यांबाबतही थोडे भान ठेवावे. गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि बाह्यांचा टी-शर्ट पुरुषांना, तर अंगभर पोहण्याचा पोशाख स्त्रियांना उन्हापासूनही वाचवतो आणि काठावरच्या नजरांपासूनही. स्त्रियांनी गटाने जावे आणि कपडे बदलण्यासाठी जवळच्या वस्तीवर एखाद्या मावशींना विचारावे. नकार सहसा मिळत नाही, उलट चहा झाल्याशिवाय सुटका होत नाही.

पाण्यात उतरताना

या भागातील तलावांचा सर्वांत मोठा धोका वरून दिसत नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून, आणि त्याआधीही लोकसहभागातून, उन्हाळ्यात तलावांतला गाळ काढून शेतात पसरला जातो. काम चांगलेच आहे. परंतु पोकलेन गाळ उचलते तेव्हा तळाला उतार राहत नाही. कुणाच्या ट्रॉल्या भरल्या तिथे दोन पुरुष खोल खड्डा आणि त्याच्या शेजारी न उकरलेला, टेबलासारखा सपाट वरंबा, अशी रचना तयार होते. पावसाळ्यानंतर हे सगळे एकाच पातळीच्या पाण्याखाली जाते. काठापासून कमरेएवढ्या पाण्यात माणूस निर्धास्त चालत असतो आणि पुढच्या पावलाला तळ नसतो. पोहता न येणाऱ्यांचे, विशेषतः हात धरून साखळीने उतरलेल्या मुलांचे, अपघात होतात ते अशाच ठिकाणी. एक घसरला की त्याला धरायला दुसरा जातो आणि त्याच्यामागे तिसरा.

यावर एक उपाय आहे आणि तो फारसा कोणी करत नाही. ज्या तलावात हिवाळ्यात पोहायचे, तो मे महिन्यात, आटलेला असताना, एकदा पाहून यावा. खड्डे कुठे आहेत, जुनी विहीर बुडालेली आहे का, बाभळीचे बुंधे कुठे उभे आहेत, मुरमाड उतार कोणत्या बाजूला आहे आणि चिकण गाळ कोणत्या बाजूला, हे सगळे उघडे पडलेले असते. भरावावर उभे राहून, काठावरचे एखादे झाड किंवा देऊळ चौकटीत येईल अशा बेताने, चार-पाच छायाचित्रे काढून ठेवावीत. पाणी भरल्यावर तीच खूण धरून उतरण्याची जागा ठरवता येते. सायकलवाल्यांसाठी ही उन्हाळी फेरी तशीही चांगली रपेट होते.

तळ पाहिलेला नसेल तर हातात पाच-सहा फुटांचा वेळू घेऊन उतरावे आणि प्रत्येक पावलाआधी पुढची जागा टोचून पाहावी. वेळू मुरमावर खट्टकन आपटला तर पुढे जावे. वीतभर रुतला तर सावकाश जावे. हातभर रुतत गेला तर मागे फिरावे. गाळात पाय अडकला तर तो ओढून काढण्याचा प्रयत्न करताना दुसरा आणखी रुततो. अशा वेळी छाती पाण्यावर टाकून आडवे व्हावे, हातांनी पाणी मागे सारावे आणि पाय हळूहळू मोकळे करावेत. पिचिंगच्या दगडांवरून उतरणे टाळावे. पाण्याच्या रेषेखालचे दगड बुळबुळीत असतात आणि त्यांच्या सांदींत विंचू व साप विसावलेले असतात.

कोणत्याही तलावात सूर मारू नये. या पाण्यात गुडघ्याखालचे स्वतःचे पाऊल सहसा दिसत नाही, मग तळाचा दगड दिसण्याचा प्रश्नच नाही. मानेच्या मणक्याची दुखापत आयुष्यभर पुरते.

विमोचकाच्या मनोऱ्यापासून आणि सांडव्यापासून निदान शंभर-दीडशे पावले दूर राहावे. कालवा सुरू असताना विमोचकाच्या तोंडाशी पाणी आत ओढले जाते आणि वरून मात्र सगळे शांत दिसते. पावसाळ्यात सांडव्याच्या पायऱ्यांवर भिजायला गर्दी होते; तिथले शेवाळ आणि वरून अचानक वाढणारे पाणी या दोन्हींचा भरवसा नाही.

विजेचा धोकाही तितकाच खरा आहे. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी ओळीने बसवलेल्या असतात, पाणी मागे सरते तशा त्या पुढे सरकवल्या जातात, आणि जोड दिलेल्या केबली ओल्या गाळातून किंवा थेट पाण्यातून नेलेल्या असतात. मोटारी बंद दिसल्या म्हणून निर्धास्त होऊ नये. शेतीची वीज ठरावीक वेळी येते आणि स्वयंचलित स्टार्टर असेल तर मोटार आपोआप सुरू होते. ज्या बाजूला मोटारी, त्या बाजूला पोहायचे नाही, हा नियम सरसकट पाळावा. पाण्यात अंगाला झिणझिण्या आल्या तर आलो त्याच दिशेने, मोटारींकडे पाठ करून, बाहेर पडावे आणि इतरांना ओरडून सावध करावे.

मासेमारीचा ठेका दिलेल्या तलावांत नायलॉनची बारीक जाळी लावलेली असतात. ती पाण्यात दिसत नाहीत. दिसतात ते त्यांना बांधलेले थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या. अशा बाटल्यांची ओळ दिसली की ती ओलांडू नये. जाळ्यात पाय गुरफटला तर लाथा झाडल्याने ते अधिक आवळते. उताणे तरंगत राहून हाताने सोडवावे. जाळे फाडणे शक्यतो टाळावे, ते कुणाच्या तरी पोटाचे साधन असते. पाणकणीस आणि जलपर्णी माजलेली बाजूही याच कारणासाठी वर्ज्य समजावी.

एवढे पाहून झाल्यावर पोहणे साधे आहे. तलावाच्या मध्याकडे न जाता काठाला समांतर, छातीइतक्या पाण्याच्या जवळून पोहावे, म्हणजे थकल्यावर चार हात मारून उभे राहता येते. पलीकडचा काठ पाण्यावरून नेहमीच जवळ भासतो, त्यामुळे आरपार जाण्याच्या पैजा लावू नयेत. कमरेला दोरीने बांधायचा नारिंगी तरंगता फुगा आता क्रीडासाहित्याच्या दुकानांत मिळतो. तो वेग कमी करत नाही, दुरून दिसतो आणि दमल्यावर धरायला उपयोगी पडतो. पूर्वी गावात पाठीला रिकामा डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोरांना पोहायला शिकवत, ती पद्धत आजही वाईट नाही, मात्र दोर कुजलेला नसावा आणि मूल शिकवणाऱ्याच्या हाताच्या अंतरात असावे. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी जाकीट घालूनच उतरावे. एकटे कधीही उतरू नये. दोघे असतील तर एकाने काठावर राहावे. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यापासून दूर ठेवावे, तो कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी.

पायी फिरणे

चालणाऱ्यासाठी बंधने थोडी आहेत. भरावावरून सकाळी चालत जाणे सुखाचे असते, पण तलावाला पूर्ण वेढा घालण्याचा हट्ट धरू नये. जिथे ओढा तलावाला मिळतो त्या फुगवट्याच्या बाजूला दलदल असते आणि पाणी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. हरभरा, मका किंवा कलिंगडाचे वेल दिसले तर बांधाच्या कडेने जावे, नाहीतर तिथूनच माघारी फिरावे. खरे तर हीच बाजू पाहण्यासारखी असते. उथळ पाण्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक आणि पट्टकादंब हे हिवाळी पाहुणे इथेच उतरतात, आणि शेकाट्यांची वटवट तर बाराही महिने चालू असते. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडून, बाभळीच्या आडोशाला बसून राहिल्यास पक्षी आपणहून जवळ येतात.

पाण्यात सळसळत जाणारा दिवड बिनविषारी असतो. माण, जत, आटपाडी भागातील मुरमाड माळावर मात्र फुरसे आढळते. ते आकाराने लहान, मातीच्या रंगाचे आणि पटकन चावणारे असते, म्हणून दगड उलथू नयेत आणि चपलांऐवजी बूट घालावेत. मोठ्या झाडांवर किंवा विमोचकाच्या मनोऱ्याखाली आग्यामोहोळ असेल तर जवळ धूर करू नये आणि उग्र अत्तर लावून जाऊ नये.

सायकलवरून

सायकलसाठी हा मुलूख उत्तम आहे, कारण एका तलावापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर बेताचे आणि मधले रस्ते तुलनेने मोकळे असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ताकारी रेल्वे स्थानकापासून निघावे, सागरेश्वरची खिंड चढून देवराष्ट्रे गाठावे आणि पुढे चिंचणीच्या तलावाकडे जावे. वाटेतले सागरेश्वर अभयारण्य उघड्या डोंगरावर झाडे लावून माणसांनी उभे केलेले आहे; सांबर, चितळ आणि काळवीट तिथे आहेत. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. अधिक दमसास असणाऱ्यांनी कोरेगावहून वर्धनगडाचा घाट चढून पुसेगाव, तिथून नेरचा तलाव आणि पुढे दहिवडीजवळचा पिंगळीचा तलाव असा मार्ग धरावा. आणखी पुढे माण-आटपाडीच्या सीमेवर राजेवाडीचा मोठा ब्रिटिशकालीन तलाव आहे. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासला जाणेही सर्वांच्या आवडीचे आहे. मात्र फुलांच्या हंगामात शनिवार-रविवार तिकडे जाऊ नये, मोटारींच्या धुरातच दम जातो.

पूर्व भागात सायकलचा खरा शत्रू म्हणजे वेडी बाभूळ आणि सराटे. बाभळीचा सुकलेला काटा साध्या टायरमधून आरपार जातो आणि काढल्याशिवाय नवी ट्यूब घालणे व्यर्थ असते, म्हणून टायरच्या आतून बोट हळुवार फिरवून काटा शोधावा. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि हातपंप जवळ असावा. गावातल्या पंक्चरच्या दुकानात ट्रॅक्टरसाठी कॉम्प्रेसर असतो, पण बारीक व्हॉल्व्हच्या सायकलला त्याची नळी बसत नाही. पितळी अडॅप्टर खिशात असेल तर पंचाईत होत नाही. हवा भरताना लक्ष ठेवावे, तो दाब जाड टायरच्या हिशेबाचा असतो.

पाणंद रस्ते पाऊस पडल्यावर टाळावेत. काळ्या रानातला चिखल चाक आणि चौकटीच्या मधे भरला की चाक फिरायचेच थांबते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. कालव्याच्या कडेचा सेवा रस्ता सपाट आणि रम्य असतो, पण त्यावर कठडा नसतो आणि वळणे अचानक येतात. भरावावर मात्र सायकल हातात धरून चालावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. यांतल्या अनेकांना मागचा दिवा नसतो, उसाची टोके बाहेर डोकावत असतात आणि दुहेरी ट्रॉलीची शेपटी वळणावर बरीच आत येते. म्हणून अंधार पडायच्या आत परतावे आणि ओव्हरटेक करण्यापूर्वी ड्रायव्हरने आपल्याला पाहिले आहे याची खात्री करावी. मेंढरांचा कळप आला तर खाली उतरून सायकल कळप आणि आपल्यामध्ये धरून उभे राहावे. धनगरी कुत्री पळणाऱ्याच्या मागे लागतात, उभ्या असलेल्याच्या सहसा नाही.

कोणी बुडू लागल्यास

बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होत असते आणि हात बाजूला पाण्यावर दाबले जात असतात. त्याच्याकडे पोहत जाण्याआधी वेळू, दोर, साडी, सायकलची ट्यूब, रिकामा पाच लिटरचा डबा, जे हाती येईल ते पुढे करावे किंवा फेकावे. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. बाहेर काढल्यावर पोट दाबणे, उलटे टांगणे किंवा गरगर फिरवणे हे प्रकार गावोगाव अजून चालतात. त्यांनी पोटातले पाणी व अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो आणि अमूल्य वेळ जातो. श्वास चालू नसेल तर डोके मागे झुकवून, नाक दाबून, तोंडाने सुरुवातीला दोन ते पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब आणि दोन श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दरम्यान दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन लावून गावाचे, तलावाचे आणि जवळच्या फाट्याचे नाव सांगावे. माळावर रेंज कुठे मिळते हे पोहायला उतरण्यापूर्वीच पाहून ठेवलेले असावे. वाचलेला माणूस उठून बसला आणि बोलू लागला तरी त्याला दवाखान्यात न्यावे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

घरी परतल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि कानात काडी न घालता ते कोरडे होऊ द्यावेत. म्हशी डुंबतात त्या पाण्यात, किंवा अंगावर ताजी जखम असताना, मुळातच उतरू नये, कारण जनावरांच्या आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात. पोहून आल्यानंतर महिन्याभरात थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांकडे जावे आणि आपण तलावात पोहलो होतो हे त्यांना न विचारताच सांगावे.